पंपाला दोन झाकणं

दादरच्या फुलबाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. बी-बियाणं, खतं आणि औषधं. औषधं म्हणजे माणसांची नव्हेत, झाडांवरची कीड मारायची. शेतकरी त्याला कधी विष म्हणत नाहीत, औषधच म्हणतात, आणि तीस वर्षं त्यांच्यात काढल्यावर माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. 'आमचं दुकान' हेही तसंच तोंडात बसलेलं. दुकान शेठचं, मी नोकर. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात कुणीतरी कमावणं भाग होतं आणि मी बारावी होऊन नुसती बसले होते. म्हणून इथे बिलं लिहायला लागले. पहिल्या दिवशी शेठ म्हणाले होते, "बेन, तू फक्त चांगला लिवायचा. बाकी मी बघते." बाकीचं त्यांनी काही वर्षं पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते बाकीचंही माझ्याकडे आलं.

बाकीचं म्हणजे पान बघणं. वसई-विरारकडची माणसं सकाळी बाजारात फुलं घालतात आणि परत जाताना आमच्याकडे वळतात. बायकाच जास्त. रुमालात नाहीतर पिशवीत आणलेलं एखादं पान, एखादी कळी काउंटरच्या काचेवर ठेवतात आणि म्हणतात, "बघा." आधी मी शेठच्या वतीने बघायची. पिवळं आहे की जांभळं, भोक आहे की डाग, चिकट आहे का, एवढं त्यांना सांगायची, आणि ते डोळे मिटूनच निदान करायचे. एक गोष्ट त्यांनी मला दामटून शिकवली. पान उलटं केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मावा, तुडतुडे, लाल कोळी, सगळी मंडळी पानाच्या पोटाशी बसतात. वरून पान बघून औषध देणारा दुकानदार त्यांच्या लेखी दुकानदारच नव्हता.

शेठ गेले. मी पानं उलटी करत राहिले. घशाला कोरड पडेपर्यंत बोलत राहिले, आणि ज्याला औषधाची गरज नाही त्याला सरळ घरी पाठवत राहिले. "काही मारू नका, नुसतं पाणी मारा सकाळचं, जोरात." यावरून शेठच्या मुलाशी माझी दोनचारदा जुंपली. त्याला मी भाई म्हणते. तो माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला, तरी मालक तो मालक. आणि ज्याला औषध लागायचं त्याला मी बाटली देऊन मात्रा सांगायची. आमच्या धंद्यात मात्रा झाकणाने सांगतात. फवारणीच्या, पाठीवरच्या पंपाला एक झाकण, दोन झाकणं, जास्त असेल तर अडीच. मापं, मिली, असलं काही कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. बाटलीला झाकण असतंच. ते हातातच असतं. माझं पेटंट वाक्य होतं, "पंपाला दोन झाकणं, डोळे मिटून."

तर एके दिवशी भाई एक कागद घेऊन आला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. तो बसला की काहीतरी वाईट असतं. चांगलं असेल तर तो उभ्या उभ्या सांगतो.

"ताई, नियम आलाय. औषधाचं लायसन रिन्यू करायचं तर दुकानात शिकलेला माणूस पाहिजे. शेतकीची डिग्री, नाहीतर केमिस्ट्रीवाली. नाहीतर सरकारी कोर्स."

"आणि मी कोण?"

"तुम्ही आहातच ना. पण फॉर्मवर तुमच्यासाठी रकानाच नाहीये."

मग त्याने हळूच सांगितलं की एक पदवीधर मुलगी त्याने बघून ठेवली आहे. ती काउंटरला बसेल, सल्ला देईल. मी मागच्या टेबलाला, आरामात. बिलं लिहायला.

आरामात हा शब्द माझ्या डोक्यात गेला. तीस वर्षांनी मला परत त्याच टेबलावर पाठवत होता. तोही बिचारा अडकला होता, हे मला आता कळतं. तेव्हा नाही कळलं. मी म्हटलं, "कोर्स मी करते. फॉर्म आण." तो म्हणाला, "ताई, दर रविवारी जायला लागेल. पनवेलच्या पुढे. परीक्षा पण आहे." मी म्हटलं, "मला ऐकू येतंय."

घरी सांगितलं तर नवरा पेपर न सोडता म्हणाला, "या वयात?" आम्ही करी रोडला राहतो. जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे आणि त्यात आम्ही सतराव्या मजल्यावर. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते, या वयात? गुडघे कुरकुरतात. रविवार हा माझा एकच दिवस होता, त्या दिवशी मी दुपारी पंखा लावून मेल्यासारखी झोपायची. तो रविवार गेला. पण काउंटरमागची ती उंच खुर्ची मला हवी होती. तिथे बसून पान बघते तेवढा वेळ मी कोणीतरी असते. इतकं सरळ होतं ते.

शेतकी कॉलेजातले बाक विशीतल्या पोरांसाठी बनवलेले. त्यात आम्ही सगळे दुकानदार, पोटं सांभाळत बसलेले. मुरबाडचे, अलिबागचे, कर्जतचे. अर्धे झोपायचे. एक गृहस्थ तर पहिल्या बाकावर घोरायचे, आणि जाग आली की "बरोबर आहे मॅडम" म्हणायचे. शिकवायला एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. एम.एस्सी. आवाज बारीक, पण ऐकून घ्यायला लावायच्या. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, कुणाला विकायचं नाही, कुठे ठेवायचं नाही, विषबाधा झाली तर काय करायचं, कायद्याचं कुठलं कलम. लिहून लिहून माझं बोट दुखायचं. किडींची नावं लॅटिनमध्ये पाठ करायची होती. ज्या मावशांना मी मावा, फुलकिडे सांगत आले त्यांना ही नावं कधी सांगणार होते, देव जाणे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वही काढून बसायची. भाई येताजाता बघायचा.

चौथ्या की पाचव्या रविवारी मात्रेचा धडा निघाला. मॅडमनी विचारलं, "तुम्ही गिऱ्हाईकाला मात्रा कशी सांगता?" इतके रविवार मी गप्पच बसून होते, मला वाटलं इथे तरी आपण दोन शब्द बोलावे. हात वर केला. म्हटलं, "मॅडम, आम्ही सोप्पं सांगतो. पंपाला दोन झाकणं." मागून कुणीतरी "अगदी, अगदी" म्हणालं. घोरणाऱ्या गृहस्थांनी "बरोबर आहे मॅडम" म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तुमच्या दुकानातली झाकणं घेऊन या. एकाच औषधाची, वेगवेगळ्या बाटल्यांची."

मी आठवडाभर झाकणं जमवली. रिकाम्या बाटल्या शेतकरी परत आणत नाहीत, पण फुटलेल्या, मुदत संपलेल्या मागे एका खोक्यात असतात. हातमोजे घालून काढली, धुतली, पिशवीत भरली. मनात म्हणत होते, दाखवू मॅडमना. पोरगी शेतात कधी गेली असेल की नाही कोण जाणे.

मॅडमनी टेबलावर काचेचं उभं मोजपात्र ठेवलं आणि मलाच पुढे बोलावलं. "पाणी भरा आणि मोजा." पहिलं झाकण जुन्या छोट्या बाटलीचं. पाच मिली. दुसरं अर्ध्या लिटरच्या बाटलीचं, तेच औषध, तीच कंपनी. दहा. तिसरं नवीन बाटलीचं, ते मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेलं जाड झाकण. पंधराच्या वर. मी पुन्हा मोजलं. पाणी सांडलं म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच आलं.

"पंपाला दोन म्हणजे किती झाले ताई?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते.

"कुठल्या बाटलीची, त्यावर आहे," मी म्हटलं.

जागेवर येऊन बसले. पुढचं काही कानात शिरलं नाही. बाटल्या कधी बदलल्या ते मला नीट माहीत होतं, कारण खोकी मीच उतरवून घेते. छोटी बाटली यायची बंद झाली तेव्हा मीच कुरकुर केली होती की कपाटात बसत नाही. बाटली मोठी झाली हे मला दिसलं. झाकण मोठं झालं हे दिसलं नाही. आणि मी रोज, डोळे मिटून, दोन सांगत राहिले.

परत येताना मला एकच माणूस आठवत होतं. वसईकडची एक मावशी. मोगरा लावते. लुगड्याचा काष्टा घातलेली, बारीक, कोरडी बाई, शेठच्या काळापासूनची. कळीत अळी झाली की कळ्या जांभळ्या पडतात आणि गळतात, तर ती तशी कळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. मी सोलून अळी दाखवायची, ती "हां" म्हणायची. एवढंच आमचं बोलणं. एका वर्षी ऐन हंगामात ती करपलेली पानं घेऊन आली. पानांच्या कडा तांबूस, कागदासारख्या. कळ्या तर गेल्याच होत्या. मी पान उलटं केलं, सुलटं केलं. पोटाशी काही नव्हतं. शेठनी शिकवलं तसं सगळं केलं आणि म्हटलं, "मावशी, ऊन लागलं. यंदा उन्हाळा जास्त आहे." ती मग म्हणाली, "असेल." फडकं झटकलं आणि गेली. तो हंगाम तिचा बुडाला. त्याच वर्षी छोट्या बाटल्या बंद झाल्या होत्या.

ऊन नव्हतं ते. मी होते.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कोर्स सोडून द्यावा असं रोज वाटायचं. कुठल्या तोंडाने त्या खुर्चीवर बसायचं? पदवीधर मुलीला बसू दे, तिला निदान मिली तरी माहीत असतील. एकदा भाईला हे बोलायला तोंड उघडलं होतं, पण तोच म्हणाला, "ताई, त्या मुलीला मी नाही सांगून टाकलं. तुमच्यावर आहे आता सगळं." म्हणजे तीही वाट बंद. मी नापास झाले तर औषधाचं कपाटच रिकामं करावं लागणार होतं. मला इतका थकवा आला होता की घरी चहाचा कप धुवायचा सुद्धा कंटाळा यायचा. नवरा धुवायचा. एकदा म्हणाला, "सोड ना." मी म्हटलं, "आता सोडता येत नाही."

एक मात्र केलं. झाकणं मोजली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दुकानात झाकण बंद. औषधाबरोबर मापाचं प्लास्टिकचं भांडं, आणि त्यावर मार्करने रेघ. "पंपाला इथपर्यंत." जुनी गिऱ्हाईकं वैतागली. "ताई, आधी दोन झाकणं सांगायचात, आता हे काय नवीन?" मी प्रत्येकाला सांगत बसायची की आधीचं चुकीचं होतं. काहींनी खांदे उडवले. एकाने विचारलं, "मग त्याआधीचं काय?" मी त्याच्या भांड्यावर रेघ मारून दिली.

परीक्षेत पास झाले. काठावर. लॅटिन नावांनी मारलं, मात्रेच्या गणितांनी तारलं. तोंडी परीक्षेला मॅडमनी एक पान पुढे ठेवलं, मी बोलायच्या आधी ते उलटं केलं, तेव्हा शेजारचे परीक्षक मॅडमकडे बघून मान हलवताना दिसले. एवढाच काय तो आनंद. प्रमाणपत्र आलं, परवाना नवा झाला, त्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आलं. भाईने फ्रेम करून शेठच्या फोटोखाली लावलं, पेढे आणले, आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, आता कायद्याने खुर्ची तुमची." मी पेढा खाल्ला. नाव बघायला मान वर करायला लागत होती, म्हणून फारसं बघितलं नाही.

मी मावशीची वाट बघत होते. तिला सांगितल्याशिवाय ती खुर्ची माझी होणार नव्हती. ती त्या वर्षानंतरही येत राहिली होती, कमी, पण यायची, हे मला सगळ्यात जास्त बोचत होतं. जिने तिचा हंगाम जाळला त्या मलाच ती कळ्या दाखवायला आणत होती.

ती आली मोगऱ्याचा हंगाम सुरू होताना. टोपली रिकामी, कमरेला बटवा. फडकं उघडून काचेवर कळी ठेवली. मी सोलली. अळी होती. दोघींनी पाहिली. "हां," ती म्हणाली.

मी बाटली काढली नाही. म्हटलं, "मावशी, जरा बसा." स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. या बायका दुकानात बसत नाहीत, बसलं की उठायला त्रास. मग मीही खुर्चीवरून उतरले आणि उभ्यानेच सांगितलं.

"मागे तुमचा मोगरा करपला होता ना, तो उन्हाने नाही. माझ्या मात्रेने. बाटली बदलली होती, झाकण दुप्पट झालं होतं, आणि मी दोनच सांगत राहिले. चुकलं माझं. तुमचं नुकसान मी केलं."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते ठावं हाय मला."

"काय?"

"झाकणाचं. तवाच कळलं. घरी जाऊन जुनी बाटली काढली, नवी काढली, दोनी शेजारी ठेवल्या. झाकण बघितलं."

"मग बोलला नाहीत मला?"

"काय बोलायचं? तुम्ही ऊन म्हणालात." तिने फडक्याची घडी घातली. "एवढ्या खात्रीनं म्हणालात."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मावशी काय घालत होत्या पंपात?

तिने कमरेचा बटवा सोडला. त्यातून पानाची डबी निघाली, चुना निघाला, आणि मग प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक छोटं, रंग उडालेलं झाकण निघालं. त्याला भोक पाडून दोरा ओवलेला. औषधाचं झाकण खायच्या पानाबरोबर ठेवतात का, असं मी परीक्षेप्रमाणे लगेच म्हणायला हवं होतं. मला ते दुसऱ्या दिवशी सुचलं.

"हे तवाचं. तुमच्या शेठच्या टायमाचं," ती म्हणाली. "दोन म्हणालात, तर हेच दोन. आमच्या आळीत सगळ्या बायका हेच मागून नेतात. नवी बाटली घेतली की बाहेर जाऊन तिचं झाकण याच्याशी लावून बघायचं, मग घरला."

म्हणजे दर वेळी माझ्याकडून औषध घेऊन, दुकानाच्या पायरीवर, माझ्या पाठीमागे, ती मला तपासत होती. आणि मला पत्ता नव्हता.

मी मागे जाऊन मोजपात्र आणलं. कोर्सनंतर एक विकत घेऊन ठेवलं होतं. तिच्या झाकणाने दोनदा पाणी ओतलं. दहा मिली. बाटलीवरचं लेबल वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. पंपाला दहा मिली. थेंब इकडेतिकडे नाही. ते बघून मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मावशी दुसरीकडे बघत राहिली, फ्रेमकडे.

"हे काय लावलंय?"

"माझं लायसन. आता मला सल्ला द्यायची परवानगी आहे."

"चांगलं झालं," ती म्हणाली.

मी बाटली दिली. बरोबर मापाचं नवीन भांडं दिलं, दहावर काळी रेघ मारलेलं. तिने ते टोपलीत टाकलं. मग मी म्हटलं, "मावशी, ते झाकण मला द्याल? इथे काचेखाली ठेवते. रोज दिसेल मला." मनापासून म्हटलं होतं.

तिने झाकण कोरडं पुसलं, कागदात गुंडाळलं आणि बटव्यात परत ठेवून नाडी ओढली.

"हे कसं देऊ बाई?" ती म्हणाली. "उद्या तुमचं भांडं बदललं तर?"